शकुनबाईंच्या विहिरीचं पाणी

शकुनबाईंच्या घरी कुणीही आलं, अगदी विजेचं बिल टाकायला आलेला माणूस असला, तरी आधी त्याच्या हातात पाण्याचा पेला येई. पाणी विहिरीचं. नळाचं पाणी त्या घरात भांडी घासायला होतं. पाहुणा पहिला घोट गिळेपर्यंत शकुनबाई त्याच्या गळ्याकडे बघत बसत, आणि तो आपण होऊन काही बोलला नाही तर विचारत, "कसं लागलं?" परक्याच्या ओट्यावर बसून माणूस काय सांगणार? गोड आहे म्हणे. मग त्या पदर सावरून टेकत आणि या विहिरीवर सासऱ्यांनी कशी वांगी पिकवली, इतवारा बाजारात त्यांच्या मेथीच्या जुड्यांवर बाया कशा तुटून पडत, ते सांगायला लागत. आलेल्याचं काम काय होतं ते राहून जाई.

वाडी आता उरली नव्हती. अमरावती पसरत पसरत त्यांच्या बांधापर्यंत आली आणि मग बांध ओलांडून आत शिरली. नवरा गेल्यावर मुलाने, जीवनने, प्लॉट पाडून जमीन विकली आणि उरलेल्या तुकड्यावर दोन मजली घर बांधलं. खाली स्वतःचा संसार, वर कॉलेजच्या मुलींसाठी खोल्या. शकुनबाईंनी दोनच गोष्टी हलू दिल्या नाहीत. विहीर, आणि विहिरीपासून चार पावलांवरचा पालकाचा वाफा. जीवन बडनेऱ्याला रेल्वेत, त्याच्या ड्युटीला ना दिवस ना वेळ. सून मंजुषा लहानग्या नातवासह घरात होती, पण सासूच्या लेखी ती वरच्या मुलींपैकीच एक होती, फक्त भाडं न देणारी.

मुलींविषयी शकुनबाईंचं मत फार वाईट होतं. मत सकाळी दात घासताना सुरू होई आणि रात्री फाटक लावेपर्यंत चाले.

"या पोट्ट्यांले चहा करता येत नाई आन् मोबाइलवर केक पाहून राहिल्या. एकीची लाइट रातभर चालू. इचारलं तं म्हणते, काकू, टेन्शन येते. आमाले बाप्पा टेन्शन याले फुरसतच नोती."

"तुम्हाला कशाला येईल, आई," मंजुषा भाकरी थापता थापता म्हणे. "तुम्ही देता, घेत नाही."

"बोल, बोल. तुया तोंडाले कोनी कुलूप लावलं?"

मुलींच्या कॉलेजविषयीचं त्यांचं मत याहून वाईट होतं, आणि ते मात्र खोटं म्हणता येणार नाही. कॉलेजला वसतिगृह होतं. फीत कापून, नारळ फोडून, पेढे वाटून त्याचं उद्घाटन झालं होतं आणि त्यानंतर त्यात मोडकी बाकं नि जुन्या उत्तरपत्रिका राहायला गेल्या. 'विद्यार्थी सहाय्य कक्ष' अशी पाटी असलेल्या खोलीबाहेर तक्रारपेटी होती आणि तिच्या फटीत गांधीलमाश्यांनी पोळं केलं होतं, त्यामुळे तक्रारी आपोआपच कमी झाल्या होत्या. मन:स्वास्थ्य सप्ताह पाळला जाई. त्यात मुलींकडून 'आनंदी मन' या विषयावर रांगोळ्या काढून घेत. आरोग्य कक्षात पूर्वी एक कंपाउंडर बसे. तो डोकं दुखो, पोट दुखो, पाय मुरगळो, एकच पांढरी गोळी देई. यंदापासून त्याच्याऐवजी आठवड्यातून काही दिवस एक डॉक्टरीण येऊ लागली होती.

"म्हंजे आता गोळी लाल भेटन," शकुनबाई म्हणाल्या होत्या.

एवढी नावं ठेवून प्राचार्यबाईंच्या घरी मात्र दर आठवड्याला पालकाची एक भलीमोठी जुडी जाई. नव्या मुली राहायला जागा विचारत आल्या की प्राचार्यबाई शकुनबाईंचा पत्ता देत, त्यामुळे कॉलेजची अब्रू झाकलेली आणि शकुनबाईंच्या खोल्या भरलेल्या राहत. जुडी न्यायला कॉलेजचा शिपाई सहदेव सायकलवर येई. पालक खरंच बघण्यासारखा होता. काळपट हिरवा, तळहाताएवढं पान, देठ रसरशीत. "पानी तसं हाये ना," शकुनबाई म्हणत. पाण्याचं श्रेय त्या अशा काही सुरात घेत, जणू विहिरीत त्या रोज स्वतः साखर घालत.

संक्रांत झाली आणि वरच्या खोल्यांतली एक मुलगी तापली. मेळघाटातली, सेमाडोहची. अन्नाचा वास आला की तिला ओकारी येई. डोळे पिवळे झाले तशी तिचा मामा येऊन तिला घेऊन गेला. "जंगलातून येतानीच घेऊन आली असन," शकुनबाईंनी निकाल दिला. मग दर्यापूरची एक पडली. ती संध्याकाळी गाड्यावर नूडल्स खाताना शकुनबाईंना दिसली होती, म्हणून तिचा निकाल तर ती आजारी पडायच्या आधीच लागलेला होता.

तिसरी आचल.

आचल मूर्तिजापूरच्या पलीकडच्या एका गावची, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. तिचे वडील खुशालराव काळ्या कसदार शेतीचे मालक, बोलणं थोडं आणि शेवटचं. मुलीला ठेवायला आले तेव्हा याच ओट्यावर बसून, याच विहिरीचं पाणी पिऊन त्यांनी अट घातली होती. पोरगी हट्ट करते म्हणून शिकवतो. पण तब्येत बिघडली, नाहीतर बाहेरचं खाणंफिरणं कानावर आलं, तर त्याच दिवशी सामान उचलायचं. अकोल्याला जठारपेठेत कापडदुकान असलेल्या घरातून तिला मागणी आली होती. ते लोक थांबायला तयार होते, पण फार नाही. शकुनबाईंना हे सगळं ठाऊक होतं. त्यांनी तेव्हा मान डोलावून म्हटलंही होतं, "माहा डोया राहीन, भाऊ."

आचल बाहेर खाणारी नव्हती. डबा खाई, अभ्यास करी, खोलीची फरशी स्वतः पुसे. एवढ्या मुलींत विहिरीच्या पाण्याला मनापासून गोड म्हणणारी ती एकटीच होती. सेमाडोहची मुलगी विकतचं परवडत नाही म्हणून विहिरीचं पिई; बाकीच्या विकतच्या बाटल्या आणत आणि शकुनबाईंच्या नजरेसमोरून त्या दप्तरात लपवून नेत. आचल मात्र कॉलेजला जाताना दोन बाटल्या विहिरीवर भरून घेई. एक स्वतःला, एक मैत्रिणीला, म्हणजे त्या दर्यापूरच्या मुलीला. शकुनबाई तिच्याकडे बोट दाखवून इतरांना म्हणत, "पाहा, हिले कयते." तीच आता भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि नखांपर्यंत पिवळी झाली होती.

शकुनबाईंना तिची दया आली नाही असं नाही. पण दयेपेक्षा रागच जास्त आला. तीन मुली एकाच घरातून पडल्या म्हटल्यावर गल्लीत लोक बोलायला लागले होते, आणि बोलणाऱ्यांचं तोंड बंद करायचा त्यांना एकच मार्ग ठाऊक होता. आपण आधी बोलायचं. त्यांनी आचलच्याच खोलीत उभं राहून खुशालरावांना फोन लावला.

"काकू, बाबांले नका ना सांगू," आचल उठून बसली. "महिनाभरात पेपर हायेत माहे. मी उद्या दवाखान्यात जातो. बाबा नेतील तं मंग मले वापस नाई पाठवणार."

"गप पड," शकुनबाई म्हणाल्या आणि फोनमध्ये मोठ्याने बोलायला लागल्या. "हौ भाऊ, शकुन बोलून राहिली, अमरावतीवून. पोरीले कावीय झाली. आता बाहेरचं खाल्लं तं दुसरं काय होईन? आमी कुठंकुठं पाहाव? या, आन् घेऊन जा."

मंजुषा दारात खिचडीचं ताट घेऊन उभी होती. "बाहेरचं कधी खाल्लं हिने?" तिने विचारलं.

"तू हिच्या मागंमागं फिरते का?"

"नाही. पण तुम्हीही फिरत नाही."

आचलने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. रडण्याइतकीही ताकद नव्हती तिच्यात, नुसता खांदा हलत होता.

दुसऱ्या दिवशी मंजुषानेच आचलला स्कूटीवर मागे बसवून कॉलेजच्या आरोग्य कक्षात नेलं, आणि त्याच दुपारी ती डॉक्टरीण दारात उभी राहिली. नाव वर्षाली. वय असं की शकुनबाईंना वाटलं वरची खोली विचारायलाच आली आहे. हातात बांगडी नाही, केस मानेपर्यंत, पायात पोरांसारखे बूट. शकुनबाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत मोजलं आणि नापास केलं. तरीही रिवाज म्हणून पाण्याचा पेला पुढे केला.

तिने तो घेतला आणि न पिता कट्ट्यावर ठेवला.

आजवर या ओट्यावर असं कुणी केलं नव्हतं.

"काकू, तीन मुली एकाच घरातल्या आहेत," डॉक्टरीण म्हणाली. "जेवण तिघींचं वेगवेगळं आहे. पाणी मात्र एकच. मला विहीर बघायची होती."

"विहीर पाहाले आली? पाह्य ना. तिकीट नाई." शकुनबाई उठल्या. "कॉलेजात पोट्ट्यांच्या रांगोया पाहून पोट भरलं नाई का तुमचं? मी याच घरात लगन होऊन आली. तवापासून थेच पानी पेतो. मले काहून नाई झाली कावीय? माया नवऱ्याले काहून नाई झाली?"

"तुम्हाला लहानपणीच होऊन गेली असेल. एकदा झाली की पुन्हा सहसा होत नाही. या मुलींना आधी झालेली नसेल, आणि एकीची पाण्यातून दुसरीला लागते."

"म्हंजे आमी रोगट!"

"असं नाही म्हटलं मी."

घराच्या मागे सगळ्या आल्या. मंजुषा दोन पावलं मागे, ओला हात पदराला पुसत. डॉक्टरणीने विहिरीत वाकून बघितलं, मग आजूबाजूला बघितलं. "संडासाची टाकी कुठे आहे?"

टाकी, आणि तिचं पाणी जिरायचा खड्डा, पालकाच्या वाफ्याच्या पलीकडच्या कडेला होता. बांधताना मिस्त्री म्हणाला होता, खड्डा रस्त्याच्या बाजूला घेऊ, विहिरीपासून लांब पडेल. शकुनबाईंनीच त्याला झापलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला घरात शिरताना आधी संडासाचं झाकण दिसावं की काय? मागे घ्या. मागे कोण बघतं?

"तिथं," मंजुषाने बोट दाखवलं, कारण सासू दाखवत नव्हती.

"मंग काय झालं?" शकुनबाईंचा आवाज चढला. "मधात एवढा वाफा हाये. मातीत सारं जिरते. शेतीमातीतलं तुमाले काय समजते, मॅडम? पानी खराब असतं तं पालक असा आला असता? हे पाह्य पान. हे पाह्य देठ. आमी माळ्याचे लोक, पालकावून पानी वयखतो आमी. साऱ्या अमरावतीत दाखव असा पालक!"

डॉक्टरीण खाली बसली आणि तिने एक पान हातात घेतलं. "छान आहे," ती म्हणाली. तिला शेतीतलं खरंच काही कळत नव्हतं, म्हणून तिने साधंच विचारलं, "खत कोणतं घालता?"

"खत?" शकुनबाई तोऱ्यात हसल्या. "घर बांधलं तवापासून मूठभर खत नाई घातलं यात. घालाच लागत नाई. तोडला का येते, तोडला का येते..."

आणि त्या थांबल्या.

पालक हे खादाड पीक. हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. सासू हयात असताना डोक्यावर शेणखताच्या टोपल्या वाहून त्यांचे केस विरळ झाले होते. खताशिवाय दोन तोडे जेमतेम निघतात, मग पान पिवळं नि बोटाएवढं होतं, हे त्या इतवाऱ्यात दुसऱ्यांच्या जुड्या नुसत्या बघून सांगत. आणि इथे काही न घालता वर्षानुवर्षं तळहाताएवढं पान येत होतं. कुणीतरी त्याला खाऊ घालत होतं. वरच्या मजल्यावरच्या साऱ्या मुली रोज, नेमाने खाऊ घालत होत्या. खड्डा, वाफा, विहीर. एका ओळीत.

डॉक्टरणीला त्यांच्या गप्प होण्याचा अर्थ कळला नाही. ती म्हणाली की पाणी तपासायला पाठवू, तोवर उकळल्याशिवाय कुणालाही देऊ नका. आचलला विश्रांती हवी, तेलातुपाशिवाय जेवण हवं. लांबचा प्रवास आता नको. नीट सांभाळलं तर परीक्षेला बसेल. मंजुषा मान हलवत होती. शकुनबाई पालकाकडे बघत होत्या. एरवी त्यांनी पाहुणीला फाटकापर्यंत टोमणे मारत पोहोचवलं असतं.

त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. मंजुषाने विचारलं तर म्हणाल्या, "भूक नाई. तुयाच हातचं हाये म्हून असन." पण त्यात रोजची धार नव्हती.

खुशालराव सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरले आणि ऑटो करून आले. पांढरा सदरा, खांद्यावर उपरणं, सोबत रिकामी पिशवी, मुलीची पुस्तकं भरायला. आचलला त्यांनी खाली बोलावून घेतलं. ती जिन्याचा कठडा धरून उतरली आणि पायरीवरच बसली. ऑटोवाल्याला त्यांनी थांबवून ठेवलं होतं.

"झाली हौस?" ते मुलीला म्हणाले. "घरचं सोडून गाड्यावरचं खाची हौस?"

"बाबा, मी काही नाई खाल्लं."

"मंग हे बाई खोटं बोलून राहिली का?" त्यांनी शकुनबाईंकडे हात केला. "इतक्या लांबून फोन करते, तं काय उगीच करते? चाल. आवर. जठारपेठेवाल्याले मी सांगतो, दोन महिन्यांत उरकून टाकू. तुयी तब्येत सुदरली का..."

"बाबा, माहे पेपर!"

"पेपर!" उपरण्याने तोंड पुसत ते ओट्यावर बसले. ऊन चढायला लागलं होतं. "शकुनताई, जरा पानी आना बाप्पा तुमच्या विहिरीचं. तेवढी एक गोष्ट हाये तुमच्याइथं. पानी पेतो आन् निंगतो."

मंजुषा आत गेली नाही. ती सासूकडे बघत राहिली. माठ ओट्यावरच होता, आदल्या दिवसाचाच भरलेला, आणि त्यावर पेला पालथा. शकुनबाईंनी पेला उचलला. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप माठात गेला. पेला भरला. खुशालरावांनी हात पुढे केला आणि तो घेतला.

पेला ओठांशी गेला तसा शकुनबाईंनी त्यावर तळहात ठेवला.

"पेऊ नका."

"काहून?"

"पेऊ नका म्हनलं ना." त्यांनी पेला हिसकावला आणि पाणी अंगणात फेकलं. थोडं खुशालरावांच्या सदऱ्यावर उडालं. "सडलं थे पानी. संडासाचं उतरलं त्याच्यात. पोरीनं बाहेरचं काई खाल्लं नाई. माह्या विहिरीचं पेली. दोन वर्षं पेली, गोड म्हनूम्हनू पेली. बाकीच्या हुशार हायेत, त्या नाई पेत. तुमची भोळी."

खुशालराव उठून उभे राहिले. "मंग फोनवर काहून तसं बोलल्या?"

"बोलली. माह्या तोंडाले हाड नाई म्हून बोलली. आता उलटं बोलून राहिली, थे बी आयका. गल्लीत माही नाचक्की होईन म्हून पोरीच्या नावानं खापर फोडलं मी. पोरगी नाई बिघडली. विहीर बिघडली माही."

त्यांनी माफी मागितली नाही. ती कशी मागायची हे त्यांना ठाऊक नसावं. बाईच्या तोंडावरून खुशालरावांना खरंखोटं ठरवता येईना, म्हणून ते घराला वळसा घालून मागे गेले. सगळ्यांना वाटलं विहिरीत डोकावतील. ते विहिरीकडे गेलेच नाहीत. पालकापाशी थांबले, एक पान खुडलं, वळवून पाहिलं, मग वाकून बोटाने माती उकरली आणि नाकाशी नेली. खड्ड्याच्या झाकणाकडे एकदा बघितलं. शेतकऱ्याला आणखी काय सांगायचं?

परत आले तेव्हा हात उपरण्याला पुसत होते. आचल पायरीवर तशीच बसली होती, पिशवीकडे बघत.

"जठारपेठेवाल्याले काय सांगू मी?" ते कुणाकडेही न बघता म्हणाले.

"सांगा पेपर झाल्यावर बोलू," मंजुषा म्हणाली. "तोवर ही माझ्या स्वयंपाकघरात जेवेल. नळाचं पाणी मी रोजच उकळते. माझ्या लेकरासाठी उकळते, हिच्यासाठीही उकळीन."

शकुनबाईंनी सुनेकडे झटकन बघितलं. म्हणजे नातवाला विहिरीचं पाणी या घरात कधीपासून मिळत नव्हतं, आणि त्या मात्र साऱ्या गावाला पाजत होत्या.

खुशालरावांनी रिकामी पिशवी घडी करून काखेत मारली. "पेपर कवा सुरू होते तुया?" त्यांनी मुलीला विचारलं, आणि उत्तर ऐकून ऑटोवाल्याला हात केला. जाताना त्यांनी मंजुषाने आणलेलं उकळलेलं पाणी प्यायलं, कोमट, चव नसलेलं. कसं लागलं, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

दुपारी शकुनबाई खुरपं घेऊन वाफ्यात बसल्या आणि त्यांनी पालक मुळापासून उपटायला सुरुवात केली. ढीग कमरेइतका झाला असेल, तोवर सहदेव सायकलवरून आला. जुडीचा दिवस होता.

"काय वं काकू, एवढा बहारदार पालक उपटून राहिल्या?" त्याने विचारलं. "बाईंनी दोन जुड्या मागितल्या. घरी पाहुणे हायेत."

शकुनबाईंनी ढिगाकडे बघितलं. क्षणभर त्यांच्या मनात आलंच, की द्याव्यात. वसतिगृहातल्या बाकांच्या नावाने एक, तक्रारपेटीतल्या गांधीलमाश्यांच्या नावाने एक. मग खुरपं मातीत रोवून त्या म्हणाल्या,

"सांग बाईले, पालक संपला. आन् हे बी सांग का पोरींले माया घरचा पत्ता देऊ नको म्हना. बाकं काढा आन् त्याइच्या होस्टेलात ठेवा त्याइले. माया इथं पानी खराब हाये."

"असं सांगू?"

"अस्संच सांग. आन् उभा काहून हायेस? हात लाव उपटाले."